हिरव्या खोलीतलं करडू

करडू डोंगर चढत होतं आणि मी त्याला वर पोचूच देत नव्हते. मध्येच त्याला तहान लागली. मग ओढा आला. ओढ्यात खेकडा निघाला, त्यानं करडाला नाव विचारलं, गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. समोर बसलेल्या तेवीस पोरांपैकी चार पेंगायला लागली होती आणि अंगणवाडीच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. जतला जाणारी साडेअकराची एसटी फाट्यावरून निघून जाईपर्यंत मला ही गोष्ट संपवायची नव्हती.

"बाई, करडू कवा पोचणार?" वैजीनं विचारलं.

"पोचंल की. तुला कुठं जायाचंय का?"

पोरं हसली. वैजी हसली नाही. पाच वर्षांची पोर, पण गोष्ट ऐकताना कपाळाला आठी घालून ऐकायची, जणू मी एखादी चूक करते का हेच बघायला बसली आहे.

सकाळी तिची आजी गौराबाई तिला सोडायला आली, तेव्हा तिनं मला दाराआड घेतलं होतं. "बाई, सरसा आज साडेअकराच्या गाडीनं जातीया. पोरीला कळलं तर गाव डोक्यावर घेईल. तेवढं गोष्टीत गुतवून ठिवा."

सरसा म्हणजे वैजीची आई. वैजीचा बाप दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून गेला. वर्षभरानं सरसाच्या भावांनी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला, तिकडं जतच्या बाजूला. आमच्याकडची रीत अशी, की पाट लागला की बाई नव्या घरी जाते आणि पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरीच राहतं. सासऱ्यानं, म्हणजे बाबू आबानं, सरसाला अधूनमधून दोन दिवस यायची मुभा दिली होती. मागच्या खेपेला वैजी गाडीमागं धावली, खडीवर आपटली, दोन्ही गुडघे फोडून घेतले. अख्खा फाटा बघत होता. तेव्हा आबा म्हणाला, "पुन्यांदा असा तमाशा झाला, तर त्या बाईनं ह्या घरची पायरी चढायची न्हाई."

म्हणजे गौराबाई जे मागत होती ते सरसाच्या भल्यासाठीच होतं. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी ऐटच वाटली. ह्या कामाला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

कारण ही करडाची गोष्ट माझीच होती, मी रचलेली. आमच्या अंगणवाडीत तेव्हा नुसता हैदोस होता. हा त्याला चावायचा, ती तिच्या झिंज्या उपटायची, आणि सगळ्यात पुढं वैजी. मग मी एका दुपारी खिडकीसमोर बसून एक करडू जन्माला घातलं. त्याला राग आला की कपाळ खाजायचं आणि ते दिसेल त्याला ढुशी मारायचं. शेवटी म्हातारी शेळी त्याला सांगते, "राग आला की हिरव्या खोलीत जाऊन बसायचं. कुणी हाक मारली तरी बोलायचं न्हाई. राग गेला की मगच बाहेर यायचं." वजनकाट्यामागं, तांदळाच्या पोत्यांशेजारी एक कोपरा होता, ती आमची हिरवी खोली. पोरं खरंच तिथं जाऊन बसायला लागली. वैजी तर पट्टीची. दात ओठ खात जायची, दहा मिनिटं बसायची आणि बाहेर येऊन सांगायची, "गेला."

सुपरवायझर मॅडम दुसऱ्या गावच्या दोन सेविकांना घेऊन हे बघायला आल्या होत्या. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तर खेकड्याचं मामाच्या गावापर्यंत आलं आणि फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा. वैजी उभी राहिली.

"बाई, गाडी."

"जाऊ दे की. रोज जाती."

"माझी आई कुठाय?"

"रानात गेलीया, खुरपायला. दुपारी येणार हाय. बस खाली."

पापणी न हलवता बोलले मी. वैजी माझ्याकडं बघत राहिली. मग खाली वाकून तिनं पुढ्यातली पाटी उचलली आणि फेकली. ती शेजारच्या निमीच्या कपाळावर बसली. निमीनं जो गळा काढला, त्यानं पेंगणारी चारही पोरं जागी झाली.

मी वैजीचे दोन्ही दंड धरले.  "करडू काय करतं राग आल्यावर?"

ती माझे हात झटकायला लागली.

"काय करतं, सांग."

"खोलीत जातं."

"मग?"

ती वळली आणि वजनकाट्याकडं गेली. मी आणि मदतनीस शेवंता, दोघी निमीच्या कपाळावर हळद दाबत बसलो. जखम लहान होती, रडणं मोठं. मला मनातून सुटल्यासारखं झालं. गाडी गेली होती, वैजी कोपऱ्यात होती, दहा मिनिटांत येऊन "गेला" म्हणाली असती.

दहाची पंधरा झाली. मी पोत्यांमागं डोकावले. कोपरा रिकामा होता, आणि चुलीचा धूर जायला उघडं ठेवलेलं मागचं दार तसंच उघडं होतं.

मी शेवंताला फाट्याकडं पळवलं, कारण पोर गाडीमागं गेली असणार हेच पहिलं मनात आलं. शेजारच्या बाईला पोरांजवळ बसवून मी स्वतः तिच्या घरी गेले. घराला कडी होती. आबा तालुक्याला गेला होता, गौराबाई कामावर. मग गोठा बघितला, कडब्याच्या गंजीमागं बघितलं. मग विहिरीवर गेले. काठावर पालथी पडून खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. पाण्यात काळे ढग दिसत होते. मार्च महिना आणि आभाळ भरून आलं होतं.

शेवंता धापा टाकत परत आली. "फाट्यावर न्हाई. टपरीवाला म्हणतोय, पोरगी इकडं फिरकलीच न्हाई. गाडीत सरसा एकटीच चढली."

एक वाजून गेला होता. तेव्हा मला सुचायला हवं होतं ते सुचलं. मी पोरांकडं परत गेले. ती खिचडी खात बसली होती.

"काय रं, करडू कुठं गेलं?"

"हिरव्या खोलीत," सगळी एका सुरात म्हणाली.

"ती तर मोकळी हाय."

"ही न्हवं," निमी म्हणाली. कपाळावर हळदीचा ठिपका घेऊन ती घासावर घास घेत होती. "ही पोत्याची हाय. वैजी म्हणती ही खोटी हाय. खरी तिकडं हाय."

तिनं उष्टा हात खिडकीबाहेर केला. खिडकीबाहेर भूपाल अण्णांची बेदाण्याची शेड होती. द्राक्षं सुकवायचे सात रॅक, प्रत्येक शंभर फूट लांब, जाळीवर जाळी, आणि बाजूनं सोडलेलं हिरवं नेट. गोष्ट रचताना मी ह्याच खिडकीत बसले होते. हिरवी खोली मला कुठून सुचली, ते मला तेव्हा कळलं.

आणि दुसरंही कळलं. शेडमधनं एक वास येत होता.

बेदाणा सुकत असताना आभाळ आलं की माल काळा पडतो. म्हणून रॅक ताडपत्रीनं बांधून काढतात, खाली घमेल्यात गंधक पेटवतात आणि तो धूर आत कोंडून ठेवतात. गंधकाची धुरी. उघड्यावर नुसता वास आला तरी नरडं आवळतं. मी साडीचा ओचा वर खोचला आणि पळत सुटले. पन्नाशीला टेकलेली बाई बांधावरून पळताना कशी दिसते ते लोकांनी बघितलं. हसतील त्यांचे दात दिसतील.

"अण्णा, थांबवा! पोरगी हाय आत!"

भूपाल अण्णा ताडपत्रीची दोरी ओढत होते. "कुणाची?"

"वैजी. गौराबाईची नात."

"कुठल्या रॅकात?"

"ते म्हाईत न्हाई."

अण्णांनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माणूस वाईट नव्हता, पण वर्षाचा माल डोळ्यांसमोर होता. "बाई, दोन रॅक पेटवून झालं. सगळं उघडून बसलो तर माझं काय ऱ्हातंय? आत असंल तर हाक मारा, ओ देईल की."

गौराबाई तिथंच कामाला होती. तिनं ऐकलं आणि हातातलं क्रेट टाकून ती धावत आली. "वैजेऽऽ! ए वैजे!" ती रॅकमागून रॅक हाका मारत गेली. बाकीच्या बायकांनीही हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

"न्हाई बघा आत," अण्णा म्हणाले आणि गड्याला ओरडले, "तिसऱ्याचं पेटीव रं!"

कुणी हाक मारली तरी बोलायचं नाही. राग गेला की मगच बाहेर यायचं. हे मी शिकवलं होतं, आणि शिकवून वर शाबासकी घेतली होती. पाच महिने रोज. ती पोर कुणाच्याही हाकेला ओ देणार नव्हती.

"अण्णा, ती असली तरी ओ देणार न्हाई," मी म्हटलं. "मी तिला तसं शिकवलंय. तुमच्या पाया पडते, पेटलेलं उघडा."

 अण्णांनीच कमरेचा विळा काढला आणि पहिल्या रॅकची दोरी कापली. ताडपत्री खाली आली आणि धुराचा लोट अंगावर. डोळ्यांत कुणी तिखट भरल्यासारखं झालं. गड्यांनी घमेली ओढून बाहेर काढली, अण्णा पालथे पडून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. पहिला रिकामा. दुसराही रिकामा. पण गड्याला थांबवणारी हाक उशिरा पोचली होती, पलीकडच्या टोकाला गड्यानं तिसऱ्याचं घमेलं पेटवलं होतं, आणि सुटलेला धूर वर जायच्या ऐवजी जमिनीला धरून सरकत होता, चौथ्याकडं, पाचव्याकडं.

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. दाबलेला, तोंडावर हात ठेवून खोकल्यासारखा.

"चौथ्यात!" अण्णा ओरडले आणि चौथ्याची दोरी कापायला धावले. ताडपत्री हलली तसं आत काहीतरी खसफसलं. मी वाकून बघितलं. खालच्या जाळीखाली दीड हात जागा, मोठं माणूस शिरणार नाही. अंधारात दोन तळवे दिसले आणि ते आणखी आत गेले, तिसऱ्या रॅकच्या बाजूला, जिकडून धूर येत होता.

"अण्णा, थांबा. ती आत आत चाललीया. कुणी हाका मारू नका."

"मग काय करायचं?"

मला तरी कुठं माहीत होतं. मी तिथंच मातीत पालथी पडले, तोंड नेटला लावलं. घसा जळत होता.

"मग काय झालं," मी म्हणाले, "करडू हिरव्या खोलीत बसलं. दुपार झाली. म्हातारी शेळी वाट बघून बघून दमली. मग ती करडाला शोधाय निघाली."

आत काहीच हललं नाही. गौराबाई माझ्या डोक्याशी बसून तोंडात पदर कोंबून रडत होती.

"शेळी ओढ्यावर गेली. विहिरीवर गेली. विहिरीत बघून लई भ्याली. मग खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, करडा, राग गेला का?"

 मग आतून, खोकत खोकत, आवाज आला.

"न्हाई."

अण्णांनी माझ्या पाठीवर हात दाबला. मी हलले नाही.

"नसू दे," मी म्हणाले. "शेळी म्हणाली, नसू दे गेला. रागासकट ये. मी राग धरून ठिवती, तू ये."

"गोष्टीत असं न्हाई."

"मी चुकीची सांगितली गोष्ट. चुकली माझी."

"बाई, आई कुठाय?"

आता दोन शब्द बोलले असते तर ती धावत आली असती. आई घरी आलीय, वाट बघतेय, चल. गौराबाईनं माझा खांदा धरला आणि तेच कुजबुजली, "सांगा की घरी हाय म्हणून. सांगा!" धूर माझ्या नाकात होता, म्हणजे तिच्याही नाकात होता. सांगितलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता.

"गेली," मी म्हणाले. "साडेअकराच्या गाडीनं गेली."

गौराबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय. सकाळपास्नं म्हाईत हुतं. म्हणूनच मी गोष्ट लांबवत हुते."

आत नुसता खोकला. मग जाळी खसखसली. दोन हात दिसले, मग बेदाण्याच्या चिकट्यानं माखलेलं डोकं. अण्णांनी नेट फाडलं आणि तिला काखेत धरून ओढलं, धुराच्या बाहेर, बांधापर्यंत नेलं. गौराबाई तिच्यावर पाण्याचा तांब्या रिकामा करायला लागली. वैजीचे डोळे सुजून बंद झाले होते, तरी ती आजीच्या हातातून सुटली आणि चाचपडत माझ्याकडं आली. मला वाटलं गळ्यात पडेल. तिनं माझ्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या पोरीत एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं.

"आईचा राग आलाय व्हय गं?" गौराबाई म्हणाली.

"आईचा न्हाई!" वैजी ओरडली. "आई दर खेपेला जातीच. बाईंचा आलाय. बाईंनी सांगाय पायजे हुतं. मी रडून घेतलं असतं. आईला धरून रडून घेतलं असतं!"

मी मार खात बसून राहिले.  पाच महिने करडाच्या रागाची गोष्ट सांगितली, पण तिच्यात एकदाही करडाला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तुला राग कशाचा आलाय. मला ते नकोच होतं. मला शांत वर्ग हवा होता, आणि तो मिळाला होता.

डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं. छाती बरी झाली, डोळे बरे झाले. त्यानंतर ती अंगणवाडीत यायची, खिचडी खायची, पण मी गोष्ट सुरू केली की माझ्याकडं पाठ करून बसायची. मी तिला वळायला कधी सांगितलं नाही.

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सरसा पुन्हा दोन दिवस आली. निघायच्या दिवशी सकाळी वैजीला अंगणवाडीत पाठवून दिलेलं होतं, नेहमीसारखंच. गौराबाई ह्या वेळी मला काही बोलली नाही, नुसती बघून गेली. मी शेवंताला पोरांजवळ बसवलं, वैजीचा हात धरला आणि आबाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आबा, मी हिला फाट्यावर नेते. हिच्या आईला निरोप द्यायला."

आबा खाटेवर बसला होता. "तमाशा हुईल."

"हुईल."

"मग मी काय म्हणलो हुतो ते ध्यानात हाय न्हवं?"

"हाय. तमाशा झाला तर तो माझ्या नावावर. सरसाला बोल लावू नका."

 आम्ही निघालो तेव्हा तो काठी टेकत मागून यायला लागला.

फाट्यावर सरसा टपरीच्या आड उभी होती. वैजीला बघून तिचा चेहरा उतरला आणि तिनं मला हातानं खुणावलं, न्या, न्या हिला. मी वैजीला तिच्यासमोर उभं केलं. "तोंडानं सांग तिला."

"बाई, माझ्यानं न्हाई व्हणार."

"तिच्यानं होतंय. तू सांग."

सरसा खाली बसली. गाडी वळणावर दिसत होती. "वैजे, मी आता जाणार हाय गं. ह्या गाडीनं. दिवाळीला यीन."  वैजीनं तिच्या गळ्याला मिठी मारली आणि जे रडायला सुरुवात केली, ते ऐकून टपरीतली माणसं बाहेर आली. सरसाही मोकळं रडली. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, तिसऱ्यांदा दिली. शेवटी मीच वैजीचे हात सोडवले.

गाडी सुटली. वैजी तिच्यामागं चार पावलं धावली आणि मग मातीत लोळायला लागली. आई गं, आई गं, म्हणून हातपाय आपटत होती. दोन माणसं हसली. एक म्हणाला, "काय ही बाई, लेकराला मुद्दाम रडवाय आणलंय." मी जाऊन तिच्याशेजारी धुळीत बसले. आबा काठी टेकत आला आणि आमच्या डोक्यावर उभा राहिला. आता तो काय बोलणार, या भीतीनं मी मान वर केली नाही.

"बाई," तो म्हणाला, "सांगा की कायतरी गोष्टबिष्ट. गप करा तिला."

"न्हाई आबा. रडू द्या."

 तो काठीच्या आधारानं कण्हत कण्हत खाली बसला, वैजीच्या पलीकडच्या बाजूला. त्याचा एकुलता एक पोरगा गेला, तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते.

वैजी रडतच होती. पटक्याआडून आबा म्हणाला, "दिवाळीला मी घिऊन यीन पोरीला फाट्यावर. तुमी पोरं सोडून येऊ नका."